पुण्याच्या पूर्वेकडच्या पेठा आणि कॅम्प: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

सोमवार, रास्ता, नाना, भवानी, गंज आणि गुरुवार पेठ, शिवाय लष्कर म्हणजे कॅम्प, एवढ्या भागाबद्दल जे प्रश्न सतत येतात त्यांची उत्तरं इथे आहेत. आधी ओळखीचे प्रश्न, मग दुरुस्ती-परवानगीचे आणि शेवटी अडचणीचे. वाडा किंवा दुकान तुमचं स्वतःचं असेल तर थेट प्रश्न ७ पासून वाचायला हरकत नाही.

१. हा अख्खा भाग 'हेरिटेज' म्हणून संरक्षित आहे ना?

नाही. सगळ्यात जास्त घोळ याच समजुतीने होतो. इथे सरसकट पेठेला संरक्षण नसून ते एकेका वास्तूला आहे, आणि तेही वेगवेगळ्या कायद्यांखाली. महापालिकेच्या हद्दीतल्या वास्तूंना महापालिकेची वारसा यादी लागू होते. कॅम्पात कँटोन्मेंट बोर्डाचा कायदा चालतो. केंद्रीय पुरातत्त्व खात्याने संरक्षित केलेल्या स्मारकाजवळ असाल तर अंतराचे निर्बंध येतात. त्यामुळे यादीतल्या वाड्याला खेटून सात मजली इमारत उभी राहू शकते आणि ती कायदेशीरही असू शकते. 'जुनं आहे म्हणजे पाडता येणार नाही' आणि 'माझं आहे म्हणजे काहीही करता येईल' हे दोन्ही समज सोडून द्या.

२. इथे कोण कोण बाहेरून आलं, आणि कधी?

नागझरी ओढ्याच्या पश्चिमेला कसबा आणि जुन्या पेठा. ती ओलांडून पूर्वेला आलात की वस्तीचा तोंडवळा बदलतो. याला दोन कारणं आहेत: पेशव्यांची फौज आणि बाजारपेठ, आणि १८१७ च्या खडकीच्या लढाईनंतर वसलेली इंग्रजांची छावणी.

पेशवाईत उत्तरेकडून गोसावी आले. ते सावकारी आणि व्यापार करत, सोमवार पेठेत त्यांचं गोसावीपुरा होतं (प्रश्न ६ पाहा). पेशव्यांच्या फौजेत पोर्तुगीज आणि गोमंतकीय कॅथलिक होते. त्यांच्यासाठी सवाई माधवरावांनी १७९२ मध्ये जागा दिली, तेच आजचं क्वार्टर गेटचं सिटी चर्च. लोक चर्च म्हटलं की इंग्रज म्हणतात, पण हे चर्च पेशव्यांच्या जमिनीवर, पेशव्यांच्याच माणसांसाठी झालेलं आहे.

छावणी आल्यावर तिला रसद पुरवणारे आले. पारशी दुकानदार आणि कंत्राटदार तर होतेच, नाना पेठेतली सोराबजी रतनजी पटेल अग्यारी (पारशांचं अग्निमंदिर) १८२४ ची आहे. बोहरी व्यापारी आले. मद्रासकडची मुदलियार आणि इतर तमिळ कुटुंबं आली, रास्ता पेठेत त्यांचा जम बसला. कोकणातून बेने इस्रायल आले, मुंबईमार्गे बगदादी ज्यू आले. आयरिश शिपायांसाठी सेंट पॅट्रिक्स चर्च उभं राहिलं. इराणी मंडळी त्या मानाने उशिरा आली.

कॅम्पातल्या चारबावडीपाशी हजरत बाबाजानचा दर्गा आहे. ही स्त्री वायव्येकडून आलेली पठाण, अखेरची वर्षं इथल्या कडुनिंबाखाली काढून १९३१ मध्ये गेली. तिच्याकडे जाणाऱ्या तरुणांत मेरवान इराणी होता. १८९४ मध्ये पुण्यात, इराणहून आलेल्या बापाच्या घरी जन्मलेला हा मुलगा पुढे मेहेरबाबा झाला. या भागाची सरमिसळ कशी होती ते एवढ्यावरूनही कळावं.

३. जुन्या खरेदीखतात 'हनुमंत पेठ' किंवा 'शिवपुरी' लिहिलंय. ही कुठली पेठ?

हनुमंत पेठ म्हणजे नाना पेठ, शिवपुरी म्हणजे रास्ता पेठ. सोमवारचं जुनं नाव शहापूर, गुरुवारचं वेताळ पेठ, भवानीचं बोरबन. जुनं नाव असलं म्हणून कागद रद्द होत नाही. मात्र व्यवहार करताना आजचा सिटी सर्व्हे नंबर आणि जुनं नाव दोन्ही एकाच वाक्यात लिहून घ्या, नाहीतर पुढे शोध अहवालात वकील अडतो.

४. पारशी आणि इराणी एकच का? आणि लाल देऊळ असताना रास्ता पेठेत दुसरं सिनेगॉग कशाला?

पारशी आणि इराणी दोघेही झरथुष्ट्री. पारशांचे पूर्वज हजारएक वर्षांपूर्वी गुजरातच्या किनाऱ्यावर आले आणि गुजराती बोलू लागले. इराणी आले ते मुख्यतः एकोणिसाव्या आणि विसाव्या शतकात, याझ्द-केरमानकडून, तिथल्या जाचाला आणि उपासमारीला कंटाळून. (सगळे इराणी हॉटेलवाले झरथुष्ट्री नव्हते, काही मुसलमानही होते.) दोराबजीचं १८७८ चं हॉटेल पारशी, तर ईस्ट स्ट्रीटची १९५५ ची कयानी बेकरी इराणी. तिथली श्रूसबेरी बिस्किटं घ्यायला जाणार असाल तर दुपारी जाऊ नका, बेकरी जेवणाच्या वेळी बंद असते आणि रविवारी उघडतच नाही.

ज्यूंचंही असंच. लाल देऊळ म्हणजे ओहेल डेव्हिड हे सिनेगॉग (ज्यूंचं प्रार्थनास्थळ), बगदादहून आलेल्या डेव्हिड ससूनने बांधायला घेतलं. काम १८६३ ला सुरू झालं, ससून १८६४ मध्ये पुण्यातच वारला आणि इमारत १८६७ ला पुरी झाली. त्याची कबर त्याच आवारात आहे. बगदादी मंडळी घरात अरबी बोलत, पुढे इंग्रजी. बेने इस्रायल मात्र मराठीच. कोकणात तेलाचे घाणे चालवत आणि शनिवारी घाणा बंद ठेवत, म्हणून त्यांना शनवार तेली म्हणत. आडनावं गावावरून: किहीमकर, राजपूरकर, दिवेकर. भाषा वेगळी, ऐपत वेगळी, दोघांत बरोबरीचं नातंही नव्हतं. रास्ता पेठेतलं सुक्कथ शेलोमो १९२१ चं आणि ते बेने इस्रायलांचं.

५. ही प्रार्थनास्थळं आतून पाहता येतात का?

अग्यारी: झरथुष्ट्री नसाल तर नाही. फाटकाबाहेरून पाहा, रखवालदाराशी हुज्जत घालू नका. हा नियम पर्यटकांसाठी काढलेला नाही.

सिनेगॉग: आधी विश्वस्तांची परवानगी घ्यावी लागते. पोलीस बंदोबस्त असतो. मूळ ओळखपत्र जवळ ठेवा, मोठी बॅग नेऊ नका आणि विचारल्याशिवाय फोटो काढू नका, बाहेरूनसुद्धा. शुक्रवारी सूर्यास्तापासून शनिवारी सूर्यास्तापर्यंत शब्बाथ असतो, त्या वेळी पाहुणा म्हणून जाऊ नये. पुरुषांनी डोकं झाकायचं. लाल देवळाचा सुमारे ९० फुटी मनोरा रस्त्यावरूनही नीट दिसतो.

चर्च: प्रार्थना चालू नसताना बहुधा जाता येतं. १८२५ चं सेंट मेरीज आणि गुरुवार पेठेतलं पंचहौद मिशन ही दोन चुकवू नका. टिळक-रानड्यांच्या ज्या चहावरून ग्रामण्य म्हणजे बहिष्काराचा वाद झाला, तो १८९० चा चहा याच पंचहौद मिशनमधला.

६. त्रिशुंड गणपतीचा स्थलांतरितांशी काय संबंध?

सोमवार पेठेतलं हे देऊळ भीमगिरजी गोसाव्याने बांधलं. तो इंदूरजवळच्या धामपूरचा. काम १७५४ मध्ये सुरू झालं, मूर्तीची स्थापना १७७० ला झाली. आत दोन संस्कृत आणि एक फारसी शिलालेख आहे. दर्शनी भिंतीवर डावी-उजवीकडे नीट पाहा: साखळदंडाने गेंडा बांधणारा गोरा शिपाई कोरलेला आहे. प्लासीनंतर बंगाल कंपनीच्या हाती गेल्याची खबर पुण्यातल्या पाथरवटापर्यंत पोचली होती, असा त्याचा अर्थ बहुतेक अभ्यासक लावतात. पुण्यातल्या इतर देवळांसारखं विटा-चुन्याचं शिखर आणि लाकडी सभामंडप इथे नाही, काळ्या पाषाणातलं काम आहे आणि घडण राजस्थान-माळव्याकडची वाटते. तळघरात समाधी आहे, ते गुरुपौर्णिमेला उघडतात.

७. माझी वास्तू वारसा यादीत आहे का, हे कसं शोधायचं?

या क्रमाने जा, एखादी पायरी गाळलीत तर हेलपाटे वाढतील.

आधी हद्द ठरवा. घरपट्टीचं बिल कोणाचं येतं ते पाहा: पुणे महापालिकेचं की कँटोन्मेंट बोर्डाचं. सीमेवरच्या रस्त्यांना एक बाजू पालिकेची आणि समोरची बोर्डाची असू शकते, तेव्हा शेजाऱ्याच्या बिलावर विसंबू नका. बोर्डाचं असेल तर प्रश्न ११ कडे जा.

मग मालमत्ता पत्रक काढा. नगर भूमापन कार्यालयात किंवा महाभूमीच्या संकेतस्थळावर मिळतं. त्यावरचा सिटी सर्व्हे नंबर हीच तुमची खरी ओळख. यादीत वाडा कधी मूळ मालकाच्या नावाने असतो, कधी देवळाच्या. घर क्रमांकाने शोधलंत तर सापडणार नाही.

त्यानंतर पालिकेच्या हेरिटेज सेलकडे सर्व्हे नंबर देऊन लेखी विचारा आणि उत्तर लेखीच घ्या. 'नाही हो यादीत' हे तोंडी उत्तर पुढे कामाला येत नाही. सोबत झोन दाखला मागा, रस्तारुंदीची रेषा वाड्याच्या ओसरीतून जाते का ते त्याच वेळी कळतं.

८. श्रेणी १, २ आणि ३ मध्ये फरक काय?

श्रेणी १ मध्ये बाहेरून आणि आतून दोन्हीकडे हात लावायचा नाही, अगदी गरजेचं असेल तेवढंच आणि मूळ सामग्रीशी जुळणारं. श्रेणी २ मध्ये दर्शनी भाग आणि विशेष घटक जसेच्या तसे राखून आत बदल आणि वेगळा वापर करता येतो. श्रेणी ३ त्या मानाने मोकळी, पण परिसराशी विसंगत काही करता येत नाही. तिन्हींत अर्ज वारसा समितीच्या सल्ल्याने आयुक्तांपुढे जातो. 'श्रेणी ३ आहे, म्हणजे परवानगी नको' हे दलालाचं वाक्य आहे.

९. नुसता रंग द्यायचाय, त्यालाही परवानगी?

यादीतली वास्तू असेल तर हो. नियमावलीत दुरुस्ती, गिलावा, विशेष घटक बदलणं आणि रंगकाम, सगळंच येतं. अर्जासोबत चारही बाजूंचे फोटो, रंगाची छटा आणि प्रकार द्या. उघड्या विटेवर किंवा घडीव दगडावर रंग लावायचा अर्ज करूच नका. तो मंजूर होऊ नये, आणि झाला तर वास्तूचं नुकसानच आहे.

१०. भिंतीला ओल येते. गवंडी म्हणतो खालून चार फूट सिमेंट मारू. मारू का?

नको. वाड्याची भिंत म्हणजे खाली दगड किंवा भाजकी वीट, वर बहुतेक वेळा पांढरी माती, मध्ये लाकडी खांब-तुळयांची चौकट आणि सगळ्याला चुना. अशी भिंत जमिनीतली ओल वर खेचते आणि अंगावरून सुकवते. खालचे चार फूट सिमेंटने बंद केलेत की ओल सिमेंटच्या वर, पाचव्या-सहाव्या फुटावर निघते. पाण्यातले क्षार गिलाव्याच्या मागे साचतात आणि दोन-चार पावसाळ्यांत सिमेंटचा पापुद्रा पांढऱ्या मातीचा थर घेऊनच खाली येतो. त्याहून वाईट म्हणजे भिंतीत गेलेली तुळईची टोकं. ती कोंडलेल्या ओलीत आतल्या आत कुजतात, बाहेरून तुळई ठणठणीत दिसते. टोकाजवळ भिंत थोडी उकरून बारीक पटाशी टोचून पाहा. पटाशी लोण्यात जावी तशी गेली तर आधी टेकू द्या, बाकी बोलणं नंतर.

कामाचा क्रम ठरलेला आहे: कौलं, मग पन्हळी आणि पाण्याचे नळ, मग लाकूड, मग भिंत, रंग शेवटी. पुण्यात उलटं होतं. गणपतीच्या आधी भिंत रंगवतात आणि कौल पुढच्या वर्षावर टाकतात.

गिलाव्यासाठी भिजवून किमान दोन-तीन आठवडे मुरवलेला चुना घ्या. एक भाग चुना, तीन भाग धुतलेली वाळू, किंवा वाळू आणि सुरखी (भाजक्या विटेची भुकटी) मिळून तीन भाग. एका थराची जाडी १० ते १२ मिलिमीटरपेक्षा जास्त नको. पहिला थर ओढून घट्ट झाल्याशिवाय दुसरा चढवू नका. ओलं गोणपाट लावून आठवडाभर तरी दमट ठेवा, कारण चुना हवेतला कार्बन डायऑक्साइड घेत हळूहळू दगड होतो आणि मेच्या उन्हात तो आधीच सुकून भुगा होतो. दिवाळीनंतरचे तीन महिने उत्तम. गूळ आणि हिरड्याचं पाणी घालायची जुनी रीत आहे, पण प्रमाण माहीत असलेला माणूस नसेल तर त्याशिवाय करा. गूळ जास्त झाला तर मुंग्या आणि बुरशी. 'थोडं सिमेंट घालू, लवकर धरेल' हे ऐकू नका. वरून रंगही चुन्याचाच, प्लास्टिक पेंट लावलात तर एवढी मेहनत वाया.

दगडी भिंतीच्या दर्जा, म्हणजे दगडांमधले सांधे, भरतानाही हेच. सिमेंटच्या दर्जा दगडापेक्षा घट्ट बसतात आणि पाणी दगडाच्या कडांतून बाहेर पडू लागतं. कडा झडल्या की त्या परत मिळत नाहीत.

११. कॅम्पातला बंगला किंवा दुकान घेतोय. पालिकेचे नियम लागू होतील का?

बोर्डाच्या हद्दीत असेल तर नाही. तिथे कँटोन्मेंट कायदा, २००६ चालतो, बांधकामाची सूचना बोर्डाला द्यावी लागते आणि मंजुरीही त्यांचीच.

खरी मेख जमिनीत आहे. कॅम्पातले कित्येक जुने बंगले 'ओल्ड ग्रँट'वर आहेत, मूळ १८३६ चा आदेश. त्यात जमीन सरकारची आणि तुमचं फक्त वरचं बांधकाम. सरकार महिन्याची नोटीस देऊन, बांधकामाची किंमत चुकती करून जागा परत घेऊ शकतं. वापर बदलणं, तुकडे पाडणं, दोन मजल्यांचे तीन करणं, कशालाच मंजुरीशिवाय वाव नाही. इसार देण्याआधी जनरल लँड रजिस्टरचा, म्हणजे छावणीच्या जमिनींच्या नोंदवहीचा, उतारा पाहा: धारकाचा प्रकार, वापर आणि क्षेत्र. बँक कर्जाला का नाही म्हणते याचं उत्तरही बहुधा त्याच उताऱ्यात सापडतं.

नागरी भाग पालिकेत जाणार अशी चर्चा अधूनमधून उठते. राजपत्रात अधिसूचना निघून तुमचा सर्व्हे नंबर त्यात दिसेपर्यंत बोर्डाचेच नियम धरा. विलीनीकरणाच्या भरवशावर भाव वाढवून मागणाऱ्याला हात जोडा.

१२. आमचं घर शनिवारवाड्याजवळ आहे. पाडून नवीन बांधता येईल?

हे पूर्वेकडच्या पेठांत मोडत नाही, तरी कसब्यातून इतके जण विचारतात म्हणून सांगतो. केंद्रीय संरक्षित स्मारकापासून १०० मीटर प्रतिबंधित क्षेत्र आणि पुढचे २०० मीटर नियंत्रित. अंतर वाड्याच्या दरवाज्यापासून नव्हे, संरक्षित क्षेत्राच्या हद्दीपासून मोजतात. पहिल्या १०० मीटरांत नवं बांधकाम नाही, आधीपासून असलेल्या घराची दुरुस्ती परवानगीने करता येते. पुढच्या २०० मध्ये बांधकामालाही परवानगी मिळू शकते. अर्ज सक्षम अधिकाऱ्यामार्फत राष्ट्रीय स्मारक प्राधिकरणाकडे जातो. ही परवानगी आधी, पालिकेचा नकाशा नंतर. परवानगीशिवाय बांधल्यास दोन वर्षांपर्यंत कैद किंवा एक लाखापर्यंत दंड, किंवा दोन्ही.

१३. मी भाडेकरू. मालक दुरुस्ती करत नाही, वाडा पडायची वाट बघतोय.

महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ प्रमाणे घर राहण्याजोगं ठेवणं मालकाचं काम आहे. मालकाला किमान १५ दिवसांची लेखी नोटीस द्या, पोस्टाने, पोच जपून ठेवा. त्यानंतरही हालचाल नसेल तर दुरुस्ती स्वतः करून खर्च भाड्यातून वळता करता येतो, मात्र एका वर्षात त्या वर्षीच्या भाड्याच्या एक चतुर्थांशापर्यंतच. आता भाडं महिना ६० रुपये असेल तर वर्षाला १८० रुपये वळते होतील. कायदा तुमच्या बाजूचा आहे, हिशोब नाही. म्हणून वाड्यातल्या सगळ्या भाडेकरूंनी मिळून नोटीस द्या आणि कौलांचा खर्च वर्गणीने करा. वास्तू यादीतली असेल तर प्रश्न ९ ची परवानगी तुम्हालाही लागू आहे.

१४. धोकादायक म्हणून नोटीस आली आणि वास्तू यादीतही आहे. मग?

नोटिशीवरचा प्रवर्ग आधी वाचा. सी-१ म्हणजे राहण्यास अयोग्य, पाडण्याजोगी. सी-२ए रिकामी करून मोठी दुरुस्ती, सी-२बी रिकामी न करता, सी-३ किरकोळ. माणसं आधी बाहेर काढा, याला पर्याय नाही. त्याच दिवशी हेरिटेज सेलला नोटिशीची प्रत देऊन लेखी कळवा आणि जुन्या लाकडी चौकटीचं काम केलेल्या स्ट्रक्चरल इंजिनिअरकडून वेगळा अहवाल घ्या. फक्त आरसीसी पाहिलेला इंजिनिअर झुकलेला खांब पाहून सी-१ लिहून मोकळा होतो. भाडेकरूंनी जागा सोडताना आपलं क्षेत्रफळ मोजून, पालिकेचा दाखला घेऊनच सोडावी, वाडा पडला तरी हक्क बुडू नये.

१५. बांधता येत नाही त्याची भरपाई मिळते का?

वारसा अटींमुळे वापरता न आलेलं चटईक्षेत्र टीडीआर (हस्तांतरणीय विकास हक्क) म्हणून मिळू शकतं, ते दुसरीकडे वापरता किंवा विकता येतं. आपोआप मिळत नाही. वास्तू जतन करण्याची हमी द्यावी लागते आणि मालकीचा वाद असेल तर प्रकरण तिथेच थांबतं. वाड्याच्या मालमत्ता पत्रकावर अकरा वारस असतात, ही पुण्यातली खरी अडचण. आधी वारसनोंद पुरी करा.

१६. समाजाची माणसं उरली नाहीत. विश्वस्त आवारातली जागा बिल्डरला देऊ शकतात का?

नोंदणीकृत सार्वजनिक न्यास असेल तर विक्रीला, आणि बिगरशेती जागा तीन वर्षांहून जास्त भाडेपट्ट्याने द्यायला धर्मादाय आयुक्तांची कलम ३६ खालची पूर्वपरवानगी लागते. विश्वस्तांचा ठराव पुरत नाही. वक्फ असेल तर कायदा वेगळा. हितसंबंधित व्यक्ती हरकत घेऊ शकते. यादीतल्या वास्तूचं आवारही सहसा नियमांच्या बाहेर राहत नाही, म्हणजे दोन्ही दारं ठोठवावी लागतात.

१७. वाडा पाडला, कोरीव खांब आणि महिरपी जुन्या बाजारात विकू का?

यादीतला असेल तर सुटे भाग काढणं हाच परवानगीचा विषय, प्रश्न ८ पाहा. यादीत नसेल तरी शंभर वर्षांहून जुना कोरीव खांब किंवा गणेशपट्टी इमारतीतून सुटी झाली की १९७२ च्या पुरावस्तू कायद्याच्या व्याख्येत येऊ शकते. अशा वस्तूंचा व्यापार करणाऱ्याकडे परवाना हवा, आणि देशाबाहेर पाठवायला खासगी माणसाला बंदी आहे. घेणारा परवाना दाखवत नसेल, किंवा 'कंटेनरमध्ये जाणार आहे' म्हणत असेल, तर सौदा करू नका. साध्या तुळया, फळ्या आणि कौलांना हे लागू नाही. ती विकण्याआधी शेजारच्या वाड्यात विचारा, जुन्या सागवानाच्या जोडकामाला त्याच वयाचं लाकूड लागतं आणि ते वखारीत मिळत नाही.